ताप नाही, खोकला नाही

३ मे

इन्चार्ज मॅडमनी आज लॅबमधल्या प्रत्येकाच्या हातात एक जाड वही ठेवली. रोज घरी गेल्यावर तारीख घालून तीन गोष्टी लिहायच्या: ताप, खोकला, धाप. "किट मोजकी आहेत," त्या म्हणाल्या. "स्वॅब घेणाऱ्यांचेच स्वॅब घेत बसलो तर लोकांचे कोण घेणार? तेव्हा आपल्यावर आपणच लक्ष ठेवायचं. आणि मनात येईल तेही लिहा. बरं वाटतं."

मनात येतं ते असं, की आज मी एकशे बारा जणांच्या नाकात काडी घातली आणि सगळ्यांनी माझ्याकडे सावत्र आईकडे बघावं तसं पाहिलं. मास्तर म्हणतो, रोज इतकी नाकं बघतेस तर चित्रं तरी काढ. मास्तर म्हणजे माझा नवरा. शाळेत चित्रकला शिकवतो. सध्या शाळा बंद, म्हणून घरात बसून आम्हा मायलेकींना शिकवतो.

ताप नाही, खोकला नाही, धाप नाही.

९ मे

दूध करपलं. मी स्वयंपाकघरातच होते, गॅसकडे पाठ करून बटाटे सोलत होते, आणि मास्तर बाहेरच्या खोलीतून धावत आला. "अगं, नाकात बोळे घातलेस की काय? जिन्यापर्यंत वास सुटलाय." दहा तास त्या पीपीई किटमध्ये शिजल्यावर माणसाचं डोकं ठिकाणावर राहतं का? पातेल्याच्या तळाशी उमटलेलं काळं बघून म्हणाला, हे असंच भिंतीवर लावू, प्रदर्शनात पहिलं बक्षीस. मग स्वतःच घासत बसला.

ताप नाही, खोकला नाही, धाप नाही.

११ मे

सगळं घर फिनाईलने पुसून काढलं. लेक ओरडली, "आई, अख्खी बाटली ओतलीस का? डोळे चुरचुरताहेत." चुरचुरू देत. रोगाला दारातूनच परत पाठवायचं. भाजीत मीठ जास्त झालं म्हणून दोघांनी तोंडं वाकडी केली. मला तर काही जाणवलं नाही. दमले की मला कशाचीच चव लागत नाही.

ताप नाही, खोकला नाही, धाप नाही.

१३ मे

शाळा बंद, पण हेडसरला चैन नाही. मुलांना घरपोच अभ्यासाचे कागद द्यायचे म्हणून त्याने सगळ्या शिक्षकांना बोलावलं. मास्तर चार तास त्याच्या शेजारी बसून गठ्ठे बांधत होता. घरी आल्यावर मी विचारलं, कोणी खोकत होतं का? तर म्हणे, "हेडसर खाकरत होते. पण ते तर वीस वर्षं खाकरताहेत. खाकरल्याशिवाय त्यांना गणित सुरूच करता येत नाही."

१५ मे

मास्तरला संध्याकाळी ताप. शंभर पॉइंट आठ.

१७ मे

त्याला दवाखान्यात नेलं. गाडीत बसताना म्हणाला, माझा रंगाचा ॲप्रन धुवायला टाकू नकोस, परत आलो की ते अर्धं राहिलेलं चित्र पुरं करायचंय.

२७ मे

मास्तर गेला. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी. मी काचेच्या या बाजूला होते.

६ जून

पुन्हा वही उघडली, कारण आता मला ही वेगळ्या कामासाठी हवी आहे.

माझा आणि लेकीचा स्वॅब शेवटी तीस तारखेला घेतला. दोघींचा निगेटिव्ह. म्हणजे माझ्याकडून आलं नाही, हे कागदावर लेखी आहे. मी तो कागद मॅडमना दाखवला. त्या काहीतरी बोलणार होत्या, मग पाणी प्यायला उठून गेल्या.

मास्तर महिनाभरात घराबाहेर पडला तो एकदाच. तेरा तारखेला. आणि दोन दिवसांत ताप. लोक म्हणतील कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. म्हणू देत. हेडसर अठरा तारखेला आजारी पडला, पॉझिटिव्ह निघाला, आठ दिवसांत घरी आला. खाकरत खाकरत बरा झाला. त्याची म्हातारी आई मात्र गेली त्यात. चौऱ्याऐंशी वर्षांची होती. माझा मास्तर सत्तेचाळीसचा. बरं झालं गेली. त्यालाही कळू दे घर रिकामं होतं म्हणजे काय होतं.

आजपासून मी याची वाट बघणार. माझ्या हातात एक दिवस तो सापडेलच.

२० जून

ॲप्रन खुंटीवरच आहे. आज दार लावून तोंडाशी धरला. रंग, टर्पेंटाइन, आणि त्याच्या अंगाचा तो घामट वास, यातलं काही म्हणजे काही उरलेलं नाही. एका महिन्यात सगळं उडून गेलं. धुतलेल्या फडक्यासारखं कापड. मी खूप रडले.

तेवढ्यात लेक आली. तिने तो माझ्या हातातून घेतला, त्यात तोंड खुपसलं आणि म्हणाली, "अजून येतो गं बाबांचा." माझी समजूत घालायला पोर खोटं बोलते. चौदा वर्षांच्या मुलीवर ही वेळ कोणी आणली ते मी विसरणार नाही. माणूस नेला तो नेला, त्याचा वासही ठेवला नाही.

४ जानेवारी

शाळा उघडताहेत. प्रत्येक शाळेच्या गेटवर आमच्या लॅबचा एक माणूस. कोणती शाळा कोणाला, याच्या चिठ्ठ्या टाकणार होत्या मॅडम. मी म्हटलं, मला मास्तरची शाळा द्या.

"तिथे तुला त्रास होईल," मॅडम म्हणाल्या.

"नाही होणार."

"मग तिथल्या लोकांना होईल," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. पण दिली.

पद्धत अशी: किट महाग, म्हणून आधी वासाची चाचणी. या रोगात पुष्कळांचं नाक बंद पडतं हे आता सगळ्यांना माहीत झालंय. तपकिरी बाटली, आत कापसाचा बोळा, बोळ्यावर कधी गुलाबपाणी, कधी व्हॅनिला, कधी बोळ्याऐवजी कॉफीची पूड. मुलाने मास्तर... नाही, मास्क खाली करायचा, हुंगायचं, कसला वास ते सांगायचं. न ओळखणारा बाजूला. एका दिवशी पाच जण बाजूला झाले की गेट बंद, सगळ्यांचे स्वॅब, शाळेला टाळं. बाटल्या दर सोमवारी मी लॅबमध्ये भरायच्या.

पाच. फक्त पाच हवेत.

१८ जानेवारी

पहिला दिवस. आधी शिक्षक, मग मुलं. हेडसर रांगेत सगळ्यात पुढे. केस पांढरे झालेत. खाकरला आणि म्हणाला, "वहिनी, कशा आहात?"

वहिनी. भावाला पोचवायचं आणि वहिनी म्हणायचं.

बाटली पुढे केली. "व्हॅनिला," म्हणाला. बरोबर होतं. मग म्हणतो, "तुमचीही करून घ्यायची का रोज? तपासणाऱ्याचं कोण तपासणार?" सगळ्यांसमोर. मी म्हटलं, "सर, मी एकोणीस वर्षं हेच काम करते. तुम्ही तुमचं नाक सांभाळा." शिक्षकांतलं कोणीतरी हसलं. मला फार बरं वाटलं.

१ फेब्रुवारी

दोन आठवड्यांत एकच मूल बाजूला निघालं, तेही सर्दीचं. पण मी रिकामी बसलेली नाही. रोजच्या अहवालात लिहिते: सातवीच्या वर्गाच्या खिडक्या बंद. नळाजवळ साबण नाही. दोन बाकांत अंतर कमी, मी टेपने मोजलं. तो प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून ठेवतो. खिडक्यांच्या तर कड्याच काढून टाकल्या, बंदच होऊ नयेत म्हणून. नाकाने कांदे सोलणारा माणूस.

घरी लेकीशी वाद. तिने सकाळचा भात उचलून फेकून दिला. म्हणे आंबलाय, तुला कळत कसं नाही? मी चार घास खाल्लेही होते. अन्न फेकायची सवय लागलीय तिला. परवा मी आंघोळीला गेले होते तेव्हा गॅसची कळ उघडी राहिली म्हणून तिने घर डोक्यावर घेतलं. बाप गेल्यापासून माझी आई झालीय.

८ फेब्रुवारी

आज कळलं. लॉकडाऊनमध्ये रोज पाच वाजता लेकीला फोनवर गणित कोण शिकवत होतं? तो. आठ महिने. मला वाटायचं मैत्रिणीशी बोलते.

"मला का नाही सांगितलंस?"

"त्यांचं नाव काढलं की तुझा चेहरा कसा होतो ते तुला दिसत नाही, आई."

"त्याने तुझ्या बाबांना..."

"त्यांना माहीत आहे तू काय समजतेस ते. मला म्हणाले, तुझी आई बरोबर आहे. मी बोलवायला नको होतं."

म्हणजे कबूल आहे. तोंडाने कबूल करतो आणि खुर्चीत बसून राहतो. मार्चअखेर निवृत्त होणार, हार घालून घेणार, भाषण ऐकणार. माझ्या जिवात जीव असेपर्यंत नाही.

१५ फेब्रुवारी

शिक्षण कार्यालयात तक्रार दिली. तीन पानी. तेरा मेची बैठक, बंदी असताना शिक्षकांना बोलावणं, आजार लपवणं. आजार लपवला हे मला सिद्ध करता येत नाही, पण लिहिलं. कारकून म्हणाला, अशा तक्रारी ढीगभर आहेत, ताजं काही असेल तर साहेब लक्ष घालतील.

ताजं काहीतरी.

२२ फेब्रुवारी

भरभर लिहितेय. आनंदाने. लिहायची लाज वाटत नाही.

सोमवार, गुलाबपाण्याचा दिवस. लॅबमध्ये घाईत बाटल्या भरल्या आणि गेटवर गेले. रांगेत पहिला तो. मास्क खाली केला, हुंगलं, पुन्हा हुंगलं. चेहरा पांढराफटक.

"वहिनी, मला आज काहीच वास येत नाहीये."

मी म्हटलं, "पुन्हा बघा, सर." मुद्दाम. लोकांनी बघावं म्हणून. त्याने तिसऱ्यांदा हुंगलं आणि मान हलवली. मग शिक्षक. एकेक करत सगळे. मग मुलं. चाळीस जणांची पहिली तुकडी, त्यातल्या एकतीस जणांना काहीच नाही. उरलेल्या नऊ जणांनी साबण, चॉकलेट, मोगरा असं काहीबाही सांगितलं. घरी जायचं नव्हतं त्यांना. माझी लेक याच शाळेत, तीही रांगेत होती. हुंगून म्हणाली, "आई, बाटलीतच काही नाहीये." एक क्षण वाटलं, हिलाही? पण खरं सांगते, पुढच्याच क्षणी मी त्याच्याकडे पाहिलं आणि लेकीला बाजूच्या रांगेत उभं केलं.

गेट लावलं. कार्यालयाला फोन केला. किट यायला चार तास लागले. मुलं उन्हात मैदानावर, आखलेल्या गोलांत एकेकटी. पाचवीतली एक मुलगी भीतीने ओकली. पालक कुंपणाच्या जाळीला धरून हाका मारत होते. तो मधोमध उभा. हळूच, पण आजूबाजूच्यांना ऐकू येईल असं म्हणाला, "मी पुन्हा आणलं की काय?"

पुन्हा. दहा जणांसमोर म्हणाला, पुन्हा.

मग ऑफिसात जाऊन त्याने कागद लिहून आणला आणि माझ्याच हातात दिला. "मागच्या वर्षी तेरा मे रोजी मी शिक्षकांना बोलावले. त्यामुळे आमच्या चित्रकला शिक्षकांचा जीव गेला. आजच्या प्रकाराचीही जबाबदारी माझीच आहे." खाली सही. मी फोटो काढून तिथूनच कार्यालयाला पाठवला. शुक्रवारी अकरा वाजता चौकशी लागली.

मास्तर, बघतोयस ना?

२३ फेब्रुवारी

दोनशे अठरा स्वॅब. दोनशे अठरा निगेटिव्ह. त्याचाही.

मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर कालच्या बाटल्या. त्यांनी एक उघडून हुंगली आणि माझ्यापुढे सरकवली. "हे पाणी आहे. गुलाबपाण्याच्या कॅनशेजारी डिस्टिल्ड वॉटरचा कॅन असतो, तू तो उचललास. होतं असं घाईत. पण भरताना वास घेतला नाहीस?"

"घेतला असेल. मास्क होता."

"रोज मास्क असतो?"

त्यांनी कॉफीची बाटली दिली. मी मास्क काढला. हुंगलं. मग व्हॅनिलाची दिली. हुंगलं. मग त्यांनी खणातून गुलाबपाण्याचा खरा कॅन काढून त्याचं बूच माझ्या नाकाशी धरलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले, कारण नाकात बघण्यासारखं काही नव्हतं.

"कधीपासून?" मॅडमनी विचारलं.

मी म्हटलं, माहीत नाही. तेव्हा खरंच माहीत नव्हतं.

"बाटलीचं मी निस्तरते," त्या म्हणाल्या. "कॅनला लेबल नव्हतं, चूक लॅबची. तू सोमवारपर्यंत घरी बस. आणि ती वही दिली होती ना मी, ती एकदा वाच."

म्हणजे त्यांना माहीत होतं. मागच्या जूनपासून माहीत होतं. तो कागद दाखवला तेव्हा पाणी प्यायला गेल्या होत्या त्या.

२४ फेब्रुवारी

वाचली.

दूध करपलं ते नऊला. फिनाईल अकराला, मीठही अकराला. त्याचा ताप पंधराला. तेव्हा वास जाणं हे लक्षण म्हणून आमच्या यादीत नव्हतं. ताप, खोकला, धाप. मी रोज इमानदारीने लिहीत होते, नाही, नाही, नाही. तेरा तारखेला मास्तर शाळेत गेला तो रोग आणायला गेला नाही. घेऊन गेला. हेडसर अठराला पडला, त्याला बरोबर पाच दिवस झाले होते. एकोणीस वर्षं हे काम करते मी. पाच दिवस लागतात हे मी झोपेत सांगेन. दोन दिवसांत येणारा ताप मला तेव्हा चालला, कारण मला तो हवा होता. तीन आठवड्यांनी घेतलेला स्वॅब निगेटिव्हच येणार, हेही मी लोकांना रोज समजावते.

खुंटीवरचा ॲप्रन काढून लेकीला दिला. "खरं सांग. येतो का अजून?"

तिने तो नाकाशी धरला. मग म्हणाली, "बाहीपाशी येतो. तुला कधीच येत नव्हता का?"

मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "सरांना कोण सांगणार?"

उद्याचा एकच दिवस आहे मधे. गप्प बसले तर कोणाला काही कळायचं नाही. मॅडम बोलणार नाहीत. लेकीला मी गप्प करू शकते. त्याने स्वतःच लिहून दिलंय, मी कुठे त्याचा हात धरला होता? चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्यासी आपल्या पायाने चालत निघालाय. इतके महिने मी याच दिवसाची वाट पाहिली.

२५ फेब्रुवारी

हे सुट्या कागदांवर लिहितेय. वही माझ्याकडे नाही.

सकाळी शाळेत गेले. ऑफिसच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या, कागदांवर दगड ठेवलेले. तो खणातल्या वस्तू पिशवीत भरत होता. खडूंचा डबा, एक कंपास, मास्तरने कधीतरी काढलेलं त्याचं पेन्सिलचित्र. मला बघून उठून उभा राहिला. "या वहिनी. बसा."

मी बसले नाही. वही नऊ मेच्या पानावर उघडून त्याच्यापुढे ठेवली. म्हटलं, "मला वास येत नाही, सर. इथपासून."

त्याने चष्मा लावला. वाचलं. पान उलटलं. मग मुलांना शिकवतो तसा अंगठा बोटांच्या पेरांवर ठेवून मोजायला लागला. नऊ, अकरा, तेरा, पंधरा. पंधरावर थांबला. मला वाटलं झालं. पण अंगठा पुढे सरकला. अठरा. आणि त्यापुढेही तो मोजत गेला, त्याची आई गेली त्या तारखेपर्यंत, आणि तिथे अंगठा तसाच दाबून धरला.

मला तेव्हा सहा जूनचं पान आठवलं. मी म्हटलं, "सर, मे महिन्यापुरतंच वाचा." त्याने ऐकलं नाही. पान उलटलं. सहा जूनवर खूप वेळ होता. ते माझंच अक्षर, मोठं आणि गोल, दुरूनही वाचता येतं. बरं झालं गेली.

मी उभी होते. माफ करा म्हणायचं ठरवून गेले होते, पण मी खिडकीकडे बघायला लागले. बाहेर रिकाम्या मैदानावर मुलांसाठी आखलेले पांढरे गोल दिसत होते.

शेवटी त्याने चष्मा काढला. खाकरला नाही. "वही इथेच राहू दे," म्हणाला. पहिल्यांदाच वहिनी म्हणाला नाही.

मी ठेवून आले.

आता घरात लेक ॲप्रन उशाशी घेऊन अभ्यास करतेय. उद्या अकराला चौकशी आहे. त्याच्याकडे माझ्या अक्षरातली वही आहे, त्यात तारखा आहेत, त्याच्या आईबद्दलचं ते वाक्य आहे, पाच जण हवेत असं मी लिहिलेलं आहे. ताप नाही, खोकला नाही, धाप नाही, हेही आहे.

तो उद्या काय करेल मला माहीत नाही. त्याच्या जागी मी असते तर काय केलं असतं, ते मात्र मला पक्कं माहीत आहे.